वाकडा घोडा, सरळ नेम

जोयडा तालुक्यात बंदूक म्हटलं की आठवते ती पिकाच्या राखणीची. काळी नदीच्या खोऱ्यातली भातशेती जंगलाने वेढलेली. भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे खाचरात उतरतात, बागेत माकडं येतात. अशा जनावरांपासून पीक राखण्यासाठी उत्तर कन्नडमधल्या शेतकऱ्यांकडे ठासणीच्या किंवा एकनळी बंदुकीचे परवाने आहेत. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, हा इथला शिरस्ता. या बंदुकीकडून कोणी अचूकतेची फारशी अपेक्षा ठेवत नाही. बार उडाला, जनावर पळालं, काम झालं.

रिव्हॉल्व्हर मात्र सरकारी माणसाच्या कमरेला दिसणारं हत्यार. हा जिल्हा 1862 पासून मुंबई इलाख्यात होता आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. याच तालुक्यातलं कॅसलरॉक हे ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांच्या सीमेवरचं रेल्वेचं आणि जकातीचं ठाणं. सीमा, जकात आणि जंगल एकत्र आलं की बंदोबस्त आलाच. पण बंदोबस्ताचं रिव्हॉल्व्हर हा या प्रकरणाचा विषय नाही. विषय आहे त्याच्याच घराण्यातलं, पण वेगळ्याच वळणाने वाढलेलं एक हत्यार: पोलिसातल्या नेमबाजाने स्पर्धेत वापरलेलं जुनं टार्गेट रिव्हॉल्व्हर. त्याने आयुष्यभर कागदावरच गोळ्या झाडल्या. जगभरचे संग्राहक आज ते शोधत असतात आणि त्याच्या मूळ रूपाला महत्त्व द्यायचं की त्यात केलेल्या बदलांना, यावर हिरिरीने वाद घालतात. या वादात बदलांची बाजू अधिक भक्कम आहे. ती का, हे समजायला आधी पोलीस आणि नेमबाजी यांचं नातं कसं जुळलं ते पाहावं लागतं.

ते नातं जुळायला 1896 हे साल महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षी न्यूयॉर्क शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते थिओडोर रुझवेल्ट, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच. तोवर शिपाई मिळेल ते, परवडेल ते रिव्हॉल्व्हर बाळगत. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नसे आणि सराव तर बहुतेकांना माहीतच नव्हता. रुझवेल्ट यांनी साऱ्या दलासाठी कोल्ट कंपनीचं .32 बोअरचं ‘न्यू पोलीस’ हे एकच मॉडेल ठरवलं आणि सरावाची शाळा सुरू केली. तिथे शिकवण्याची जबाबदारी विल्यम पेटी या पोलिसाकडे गेली. पेटी स्वतः स्पर्धेत उतरणारे नामांकित पिस्तुलबाज होते. चांगल्या नेमबाजाला शिक्षक करावं आणि त्याच्याकडून साऱ्या दलाचा हात सुधारून घ्यावा, ही कल्पना इथून रुजली.

त्याच वर्षी अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक भरलं. बोस्टनचे जॉन आणि समनर पेन हे भाऊ तिथे आपली रिव्हॉल्व्हरं आणि भरपूर काडतुसं घेऊन पोहोचले. 25 मीटरच्या लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन पहिला आणि समनर दुसरा आला. पुढच्या, 30 मीटरच्या स्पर्धेतून जॉनने माघार घेतली आणि ती समनरने जिंकली. रिव्हॉल्व्हरने दूरवर अचूक मारा करता येतो, हे यानंतर कोणाला पटवून सांगावं लागलं नाही.

मात्र पोलिसाला मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्व्हर घेऊन असा मारा करणं महाकठीण. त्याची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, खिशात वा म्यानात अडकू नये म्हणून गोलसर आणि बुटकी असते. मागची खाच चौकटीतच कोरलेली असल्याने ती हलवता येत नाही. सहा इंची नळी असली तर माशी आणि खाच यांच्यात जेमतेम 19 सेंटिमीटर अंतर असतं. या अंतरावर माशी एका मिलिमीटरने सरकली, तर 25 यार्डांवर गोळी 12 सेंटिमीटर बाजूला पडते. अमेरिकन पिस्तूल स्पर्धेतल्या टार्गेटचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेआठ सेंटिमीटर रुंद असतं. मिलिमीटरची चूक झाली की दहा गुण हातचे गेले.

टार्गेट रिव्हॉल्व्हरची रचना या हिशेबातून घडली. माशी चौकोनी, काळीभोर आणि उभ्या कडेची झाली. तिला ‘पॅट्रिज’ म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ई. ई. पॅट्रिज या अमेरिकन नेमबाजाने ती रूढ केली. मागची खाच बारीक स्क्रूवर बसवली गेली. स्क्रू फिरवला की ‘टिक’ असा आवाज येतो आणि खाच केसभर सरकते. ऊन माशीवर चमकलं तर नेम चुकतो, म्हणून नेमबाज सामना सुरू होण्यापूर्वी कार्बाइडचा छोटा दिवा पेटवून त्याची काजळी माशीवर धरत. जुन्या स्पर्धकांच्या पेटीत हा दिवा हमखास असे.

गोळीसुद्धा बदलली. या स्पर्धांत टोकदार गोळी कोणी वापरत नाही. तिचं डोकं सपाट, कापल्यासारखं असतं. तिला ‘वॉडकटर’ म्हणतात. टोकदार गोळी कागद फाडत जाते आणि भोकाची कड विसकटते. सपाट गोळी पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे वर्तुळाच्या रेषेला ती शिवली की नाही हे पंचाला नेमकं सांगता येतं. .38 स्पेशल काडतुसातली अशी गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची असते आणि हळू सुटते. वेगाची गरजच नसते. कागदाला भोक पडलं आणि हाताला धक्का कमी बसला की झालं.

खरी कसोटी वेळेची. अमेरिकेतल्या पिस्तूल स्पर्धांत तीन टप्पे असत: 50 यार्डांवर सावकाश, 10 मिनिटांत 10 गोळ्या, 25 यार्डांवर 20 सेकंदांत पाच, आणि त्याच अंतरावर 10 सेकंदांत पाच. हे सगळं एका हाताने करायचं, दुसरा हात खिशात किंवा कमरेवर. रिव्हॉल्व्हर दोन पद्धतींनी चालवता येतं. नुसता चाप ओढत राहिलात तर तोच घोडा (हॅमर) मागे नेतो, चक्र फिरवतो आणि गोळी उडवतो. पण त्यासाठी चापावर सुमारे पाच किलोंचं वजन द्यावं लागतं आणि एवढ्या जोराने ओढताना हात हलतो. उलट अंगठ्याने घोडा आधीच मागे ओढून ठेवला, तर चापाला दीड किलोच्या आसपास दाब पुरतो. अचूकतेसाठी दुसरी पद्धत हवी. मग 10 सेकंदांत पाच वेळा, मूठ जराही न हलवता, त्याच हाताच्या अंगठ्याने घोडा ओढायचा कसा?

यावर तोडगा काढला सॅन फ्रान्सिस्कोच्या किंग गन साइट कंपनीने. घोड्याचा वरचा कान सरळ मागे न ठेवता तो अंगठ्याच्या बाजूला तिरका वळवायचा. हा तिरका घोडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला वस्तू बिघडली आहे असंच वाटतं, पण हातात घेतलं की त्यातली खुबी कळते. अंगठा मुठीवरून न उचलता आपोआप घोड्यावर सरकतो आणि परत जागेवर येतो. याच कंपनीने माशीच्या मागच्या कडेवर लाल रंगाचा छोटा मणी बसवला आणि त्याच्यापुढे नळीत एक चिमुकला आरसा लावला. वरून येणारा उजेड आरशात पडून मणी उजळतो, म्हणजे ढगाळ दिवशीही माशी दिसते. नळीवर खाचा कापलेली पोलादी पट्टी बसवली, म्हणजे तापलेल्या नळीवरच्या हवेची थरथर डोळ्याच्या आड येत नाही. एका हातभर वस्तूवर एवढी कारागिरी क्वचितच पाहायला मिळते.

या कारागिरीचे मोठे गिऱ्हाईक होते पोलीस. लॉस एंजलिसच्या पोलिसांनी 1920 च्या दशकात एलिशियन पार्कच्या टेकडीवर स्वतःच्या क्लबसाठी पिस्तुलाची रेंज उभी केली. ती इतकी उत्तम बांधली गेली होती की 1932 च्या ऑलिम्पिकमधली नेमबाजी तिथेच झाली. रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्णपदक त्या वेळी इटलीच्या रेन्झो मोरिजी यांनी जिंकलं. पोलिसांनी आपल्या सरावासाठी बांधलेल्या मैदानावर ऑलिम्पिक व्हावं, याचं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही. त्या दशकात या दलाचा संघ अमेरिकेतल्या सामन्यांमध्ये दबदबा राखून होता. पुढच्या पिढीत डेट्रॉईट पोलिसांमधले हॅरी रीव्ह्ज यांनी अमेरिकेचं पिस्तुलाचं राष्ट्रीय विजेतेपद सहा वेळा मिळवलं. दिवसा पोलिसाचं काम आणि उरलेल्या वेळात रेंज, असं या माणसांचं आयुष्य. त्यातल्या अनेकांना नोकरीत एकदाही गोळी झाडावी लागली नसेल.

काही जणांचा स्वभाव नियमांच्या काठाकाठाने चालणारा होता. मेक्सिकोच्या सीमेवरच्या गस्ती पोलिसांत काम करणारे चार्ल्स आस्किन्स 1937 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विजेते झाले. सेंटर-फायर गटात, म्हणजे तळाच्या मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या गटात, जाड गोळ्यांचा धक्का सगळ्यांनाच त्रास देई. आस्किन्स यांनी शोधून काढलं की किमान बोअर किती असावं हे नियमात लिहिलेलंच नाही. मग त्यांनी .22 चं कोल्ट वूड्समन पिस्तूल घेऊन त्यात ‘वेलो-डॉग’ नावाचं जुनं फ्रेंच काडतूस बसेल असे बदल करून घेतले. हे काडतूस मुळात सायकलस्वारांनी मागे लागणाऱ्या कुत्र्यांना हाकलण्यासाठी बनवलेलं, अगदी बारीक. टोपी मात्र मधोमध, म्हणून नियमात बसणारं. धक्का जवळपास नाहीच. प्रतिस्पर्ध्यांनी आरडाओरडा केला आणि या गटासाठी किमान .32 बोअरचा नियम आला. आजही ही मर्यादा जगभर साधारण तशीच आहे. आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत 7.62 ते 9.65 मिलिमीटर बोअर चालतं.

वेगाचं टोक गाठलं ते माँटाना राज्यातल्या एड मॅकगिव्हर्न यांनी. ते पोलीस नव्हते, पण पोलिसांना रिव्हॉल्व्हर शिकवणं हा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग होता. 20 ऑगस्ट 1932 रोजी त्यांनी साउथ डकोटातल्या लीड गावी पाच गोळ्या अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळात झाडल्या, त्याही अर्ध्या डॉलरच्या नाण्याने झाकता येतील इतक्या जवळजवळ. सगळ्या फक्त चाप ओढून, घोड्याला अंगठा न लावता. जड चापाने हात हलतो, हा समज त्यांनी खोटा पाडला. मात्र त्यासाठी लागणारी साधना फार थोड्यांकडे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने जे केलं ते टार्गेट रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातलं सर्वांत सुरेख पान म्हणावं लागेल. 1946 मध्ये .22 बोअरचं ‘के-22 मास्टरपीस’ आलं, आणि 1947 मध्ये त्याची भावंडं ‘के-32’ आणि ‘के-38’. घोड्याचा प्रवास आखूड केला, म्हणजे चाप सुटल्यापासून गोळी उडेपर्यंत हात हलायला वेळच कमी मिळाला. पण खरी कल्पकता वजनात होती. बारीक बोअरची नळी जाड बोअरच्या नळीपेक्षा जड होते, कारण तिच्यातून कमी पोलाद कोरून काढलेलं असतं. कंपनीने प्रत्येक मॉडेलच्या नळीवरची पट्टी कमी-जास्त रुंद ठेवून भरलेल्या तिन्ही रिव्हॉल्व्हरांचं वजन सारखं केलं, सुमारे 1.1 किलो. नेमबाज सकाळी .22 ने खेळो की दुपारी .38 ने, हाताला फरक जाणवू नये. आज संग्राहक ही तिन्ही एकत्र मिळवायला धडपडतात. त्यांत के-32 सर्वांत कमी विकलं गेलं आणि म्हणूनच आज ते सर्वांत दुर्मीळ.

मात्र ही तिन्ही फार काळ अजिंक्य राहिली नाहीत. 1960 च्या दशकात .38 वॉडकटर झाडणारी स्वयंचलित पिस्तुलं आली. घोडा ओढायची कटकटच संपली आणि एका हाताच्या सामन्यांतून रिव्हॉल्व्हर हळूहळू मागे पडलं. पोलिसांच्या जगात मात्र ते टिकलं, कारण त्या काळात अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच होतं. एफबीआयच्या सराव पद्धतीतून ‘पोलीस पिस्तूल कॉम्बॅट’ हा खेळ उभा राहिला आणि 1962 मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन इथे त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. कागदावर माणसाची आकृती. सात यार्डांपासून पन्नास यार्डांपर्यंतची अंतरं. उभं राहून, गुडघ्यावर, पालथं पडून, खांबाच्या आडून, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने, मध्ये काडतुसं भरत 150 गोळ्या आणि 1500 पैकी गुण.

या खेळाने रिव्हॉल्व्हरचं रूपच पालटलं. कारखान्यातून आलेली सडपातळ नळी काढून तिथे मनगटाएवढी भासणारी जाड नळी बसवली जाई, म्हणजे वजन पुढे राहतं आणि धक्का कमी होतो. नळीवर सलग पट्टी, तिच्यावर वेगवेगळ्या अंतरांसाठी जुळवता येणारी खाच. आतले भाग घासून, स्प्रिंगा बदलून चाप इतका मऊ केला जाई की तो काचेवरून सरकल्यासारखा वाटे. घोड्याचा कान तर कापूनच टाकत, कारण आता सगळं काम चाप ओढूनच होत असे. शेवटी रिव्हॉल्व्हर इतकं बदललं की रस्त्यावरच्या पोलिसाच्या म्यानात ते मावेना. मग साध्या, सेवेतल्या रिव्हॉल्व्हरसाठी नियमांत वेगळे गट करावे लागले. 1980 च्या दशकात अमेरिकेतली पोलीस दलं 9 मिलिमीटर पिस्तुलांकडे वळली आणि ही जाडजूड हत्यारं एकाएकी पोरकी झाली. कित्येक वर्षं ती जुन्या बाजारात कवडीमोलाने विकली जात होती.

आता संग्राहकांचा वाद. जुन्या शस्त्रांच्या बाजारात फार काळ एकच निकष होता: कारखान्यातून निघालं तसंच आहे का? निळसर काळा मुलामा मूळचा आहे का, चक्राचा आणि चौकटीचा नंबर जुळतो का, लाकडी मूठ त्याच नंबरची आहे का, खोका आणि आतली साधनं शिल्लक आहेत का. या हिशेबात ज्याने घोडा वळवून घेतला, मूठ कोरून घेतली, पट्टी बसवली, त्याने वस्तू खराब केली. मुलामा पुन्हा चढवला तर किंमत निम्म्याने घसरते, हे अगदी खरं आणि रास्तही आहे, कारण त्याने इतिहास पुसला जातो.

पण नेमबाजाने करून घेतलेला बदल हाच तर इतिहास आहे. के-38 हजारोंनी बनली. त्यातल्या न वापरलेल्या, खोक्यातल्या नगाकडून कारखाना काय बनवत होता एवढंच कळतं, आणि ते कंपनीच्या कॅटलॉगमध्येही वाचायला मिळतं. ज्या रिव्हॉल्व्हरवर पोलीस नेमबाजाने वीस वर्षं सामने खेळले, त्याच्याकडून मात्र माणूस कळतो. मॅसॅच्युसेट्सचे वॉल्टर रोपर नेमबाजांच्या हाताच्या मापाने मुठी आखत आणि मॅथ्यू गॅग्नन त्या लाकडात कोरत. अशी एखादी मूठ हातात घेतली की बोटं कुठे बसली पाहिजेत हे तीच सांगते. मापं जुळली नाहीत तर ती मूठ मुळात दुसऱ्या कोणाची आहे हेही लगेच कळतं. अंगठ्याचा आधार उजवीकडे असेल तर मालक डावखुरा. चक्रावर भोवती उमटलेली बारीक रेघ ठळक असली पण नळीच्या टोकाचा मुलामा शाबूत असला, तर वस्तू भरपूर झाडली गेली आणि म्यानात फारशी गेली नाही, म्हणजे ती सेवेची नाही, स्पर्धेची आहे. चौकटीवर, जिथे नळी सुरू होते तिथे, शिशाचा राखाडी थर वर्षानुवर्षं साचून डाग पडलेला असतो. तो घासून काढणारा विक्रेता आपल्याच मालाचा पुरावा नष्ट करत असतो.

बाजारानेही हे आता मान्य केलं आहे. किंग कंपनीच्या आरशाच्या माशीची आणि तिरक्या घोड्याची रिव्हॉल्व्हरं, जी एकेकाळी ‘बिघडवलेली’ म्हणून बाजूला पडत, ती आज मूळ रूपातल्या नगापेक्षा चढ्या किमतीला जातात. मात्र एक अट असते, कागद हवा. स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट या दोन्ही कंपन्यांच्या दफ्तरातून जुन्या नंबरवरून पत्र मिळवता येतं. अमुक नंबरचं रिव्हॉल्व्हर कोणत्या तारखेला, कोणत्या नळीसह, कोणाच्या नावे पाठवलं, हे त्यात लिहिलेलं असतं. 1935 मध्ये आलेल्या पहिल्या .357 मॅग्नमचं उदाहरण बोलकं आहे. ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार घडवून त्याच्या नावे नोंदवलं जाई आणि त्याला प्रमाणपत्र मिळे. पहिला नग एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना दिला गेला, आणि त्या दशकाच्या अखेरीस कॅन्सस सिटीच्या पोलिसांनीही अशी रिव्हॉल्व्हरं घेतली. प्रमाणपत्रासह असलेला नग आणि प्रमाणपत्राविना असलेला नग यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. पोलीस नेमबाजाच्या बाबतीत कारखान्याचं पत्र पुरत नाही. त्याला सामन्यांची गुणपत्रकं, सही केलेली टार्गेटं, संघाचे फोटो यांची जोड लागते.

आणि इथे भारताची गोष्ट वेगळी होते.

भारतात खासगी परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर प्रामुख्याने .32 बोअरचं, कारण पोलीस आणि लष्कर वापरतात ती काडतुसं चालतील अशी बोअर कायद्याने सामान्य माणसाला निषिद्ध आहेत. कानपूरला सरकारी आयुध कारखान्यात बनणारं .32 रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या घडणीवर बेतलेलं आहे. त्यात वापरलं जाणारं .32 लाँग काडतूस मुळात 1896 मध्ये स्मिथ अँड वेसनने आणलं. योगायोग असा की आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर स्पर्धेतही बहुतेक नेमबाज याच काडतुसाची वॉडकटर आवृत्ती वापरतात. तिथे रिव्हॉल्व्हरची जागा आता पिस्तुलाने घेतली आहे, पण मध्यंतरी रशियाच्या तुला कारखान्यात येफिम खायदुरोव्ह यांनी घडवलेलं ‘टोझ-36’ हे रिव्हॉल्व्हर गाजलं. जुन्या नागान रिव्हॉल्व्हरप्रमाणे त्यात चक्र पुढे सरकून नळीला चिकटतं, त्यामुळे फटीतून वायू निसटत नाही.

या स्पर्धेत भारताची कामगिरी खणखणीत आहे. महाराष्ट्राचे अशोक पंडित यांनी 1990 च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर-फायर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. 1994 मध्ये जसपाल राणा यांनी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि 2006 मध्ये दोह्यात 590 गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे समरेश जंग हे तर या प्रकरणाच्या नायकाशी थेट नातं सांगणारे. 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णांसह सात पदकं मिळवली आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून डेव्हिड डिक्सन पुरस्कार पटकावला. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या गटाचा आराखडा सेंटर-फायरचाच आहे: 30 गोळ्या सावकाश आणि 30 जलद, ज्यात टार्गेट प्रत्येक गोळीसाठी फक्त तीन सेकंद दिसतं. सावकाश टप्प्यात दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं. फरक एवढाच की काडतूस .22 चं.

पण इथल्या पोलीस नेमबाजाचं हत्यार संग्रहात का सापडत नाही? कारण ते बहुधा त्याचं नसतंच. सेवेतलं शस्त्र शस्त्रागारातून सहीने घ्यायचं आणि सहीने परत करायचं. निवृत्तीनंतर माणसाकडे पदकं आणि प्रमाणपत्रं राहतात, रिव्हॉल्व्हर पुढच्याच्या हाती जातं. ते जुनं झालं की निर्लेखन होऊन वितळवलं जातं. त्यावर कोणी मूठ कोरून घेतली असेल, माशी घासून चौकोनी केली असेल, तर ते शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये दिसणार नाही. रजिस्टरला नंबर लागतो, माणूस लागत नाही. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाने आपल्या विजेत्या नेमबाजांची निदान काही शस्त्रं निकामी करून जपली, तर ती पदकांच्या कपाटापेक्षा जास्त शिकवतील.

खासगी मालकीची जी मोजकी रिव्हॉल्व्हरं आहेत, त्यांचीही वाट सोपी नाही. परदेशी शस्त्रांची खासगी आयात 1980 च्या दशकात बंद झाली आणि नामांकित नेमबाजांपुरती सवलत उरली. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला अचूकतेपेक्षा दुर्मीळपणाची किंमत आली. 1959 च्या शस्त्र कायद्यातून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट शस्त्रालाच. 1947 चं के-38 तेल दिलं की आजही दहाचं वर्तुळ गाठतं, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते पुराणवस्तू नाही, चालू शस्त्र आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोन केली. त्या वेळी ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी कोणतं सोडावं याचा विचार करताना अर्थातच रोजच्या उपयोगाचं ठेवलं.

परवानाधारक वारल्यावर, किंवा त्याने सत्तरी गाठल्यावर वा शस्त्र 25 वर्षं बाळगल्यावर, कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो, अशी तरतूद 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. परवानाधारक वारला असेल तर नवा परवाना मिळेपर्यंत शस्त्र घरात ठेवणं गुन्हा ठरू शकतो, म्हणून ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. बहुतेक कुटुंबं इथेच थांबतात. पुढचा अर्ज होत नाही आणि मुदत संपली की शस्त्र सरकारजमा होतं. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, नंबर, माशी आणि खाच यांचे जवळून घेतलेले फोटो, मुठीचं माप आणि परवान्याच्या पानांची प्रत एवढं करून ठेवलं, तर हत्यार गेलं तरी त्याची ओळख उरते. त्याला जुनी टार्गेटं आणि गुणपत्रकं जोडली, तर अमेरिकेतला संग्राहक ज्या कागदासाठी हजारो डॉलर मोजतो, तसाच कागद बेळगाव, कारवार किंवा कोल्हापूरच्या एखाद्या कपाटात तयार होईल.